अडकणारे बोट : कोणते इंजेक्शन, कोणत्या रुग्णास आणि केव्हा?

सकाळी उठल्यावर मूठ उघडू जावे तो एक बोट तळहाताकडे वाकलेलेच राहते. दुसऱ्या हाताने ते सरळ करू जाता 'कट्' असा आवाज होऊन सुटते, आणि रुग्ण आपल्याकडे येऊन "बोटात वात भरला" असे सांगतो. बंदुकीचा चाप ओढून सोडावा तशी ही हालचाल असल्यामुळे आधुनिक वैद्यकात या व्याधीस ट्रिगर फिंगर असे नाव पडले. १८५० साली नोटा या फ्रेंच शल्यविदाने तिचे वर्णन केले, आणि कंडरेवर हाताला लागणाऱ्या गाठीस आजही त्याचेच नाव आहे. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात शेकडा दोन-तीन जणांस ही व्याधी होते; मधुमेहींत हेच प्रमाण शेकडा दहापर्यंत जाते. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांत ती अधिक, आणि बोटांपैकी अंगठा व अनामिका यांना अधिक.

या व्याधीवर स्थानिक इंजेक्शन हा आज सर्वत्र प्रचलित असलेला उपचार आहे. आम्ही स्वतः हे इंजेक्शन देत नाही. अस्थिशल्यविदाकडे किंवा हस्तशल्यविदाकडे पाठवितो. परंतु "वैद्यराज, सुई घ्यावी का?" हा प्रश्न रुग्ण प्रथम आपल्यालाच विचारतो, आणि त्यावर "स्टेरॉइड आहे, घेऊ नका" असे सवयीचे उत्तर आपल्यापैकी अनेक जण देतात. आम्हीही बरीच वर्षे ते देत होतो. ते उत्तर सरसकट योग्य नाही, हे आम्हांस रुग्णांनीच शिकविले. उलट "घेऊन टाका" हेही सरसकट सांगता येत नाही. म्हणून या विषयातील उपलब्ध चाचण्या आणि आमचा अनुभव वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्या बंधूंपुढे ठेवीत आहोत.

संप्राप्ती

बोट मिटणाऱ्या दोन कंडरा तळहातातून बोटाकडे जाताना एका आवरणातून जातात. या आवरणाला जागोजागी दृढ असे आडवे पट्टे असतात. विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी कंडरा त्यांच्याखालून सरकते. यांपैकी बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूस असलेला पहिला पट्टा, ज्यास ए-१ पुली म्हणतात, तो जाड होतो, आणि त्याच्या लगत कंडराही फुगते. गाठ पट्ट्याखालून जाताना अडते व जोर लावताच सुटते. दुखते ते मात्र पुष्कळदा बोटाच्या मधल्या सांध्याशी, त्यामुळे रुग्ण तोच सांधा दाखवितो आणि आपणही तेथेच तेल चोळावयास सांगतो. तळहातावर, बोटाच्या मुळाशी अंगठा दाबून रुग्णास बोट मिटावयास व उघडावयास सांगावे. सरकणारी गाठ स्पष्ट लागते आणि निदान तेथेच होते. क्ष-किरण परीक्षेची गरज सहसा पडत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेत काढलेला हा पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात तीव्र शोथ फारसा आढळत नाही. तंतुमय पट्ट्यात कूर्चेसारखा बदल झालेला दिसतो. म्हणजे हा केवळ शोथ नसून धातूच्या स्वरूपातच झालेला पालट आहे. नव्या व्याधीत इंजेक्शनचा गुण जितका दिसतो तितका जुनाट व्याधीत का दिसत नाही, याचे उत्तर काही अंशी यातच असावे असे आम्हांस वाटते.

संहितांत या व्याधीचे स्वतंत्र नाव सापडत नाही. सुश्रुतांनी कंडरा सोळा मोजल्या आहेत, त्यांपैकी चार हातांच्या. विश्वाचीच्या वर्णनात अंगुलींच्या कंडरांचा उल्लेखही येतो. परंतु विश्वाचीत बाहूचे कर्म नष्ट होते, येथे तसे नाही. ओढूनताणून नाव चिकटविण्याचे कारण नाही. व्याधीस नाव देता आले नाही म्हणून वैद्याने संकोच करू नये, दोष, स्थान व हेतू पाहून चिकित्सा करावी, असे आचार्यांनी सांगूनच ठेवले आहे. स्नायुगत वाताची चिकित्सा म्हणून स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन हा क्रम येथे लागू होतो, आणि प्रारंभीच्या अवस्थेत त्याचा गुण येतो असा आमचा अनुभव आहे. अर्थात अनुभवास चाचणीचे बळ नसते, हेही मान्य केले पाहिजे.

इंजेक्शनांची तुलना

प्रथम स्टेरॉइडांकडे पाहू. ट्रायॅमसिनोलोन, मेथिलप्रेड्निसोलोन आणि डेक्सामेथासोन ही या कामी वापरली जाणारी प्रमुख औषधे होत. पहिली दोन औषधे विरघळलेल्या स्वरूपात नसून गढूळ निलंबन असतात. ती स्थानी हळूहळू विरघळतात व दीर्घकाळ काम करतात. डेक्सामेथासोनचे द्रावण स्वच्छ असते आणि ते लवकर शोषले जाते.

इंजेक्शनने खरोखर गुण येतो का? नेदरलँड्समध्ये सामान्य कुटुंबवैद्यांनी आपापल्या दवाखान्यांत केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ५० रुग्णांपैकी निम्म्यांस ट्रायॅमसिनोलोन आणि निम्म्यांस केवळ मिठाचे पाणी टोचले. पहिल्या गटात २५ पैकी १६ जणांस, तर दुसऱ्यात ५ जणांस गुण आला. मिठाच्या पाण्याने पाच जण सुधारले हेही विसरू नये. आपल्या उपनाहाने बऱ्या झालेल्या रुग्णांतही असे काही जण असणारच.

मग कोणते स्टेरॉइड श्रेष्ठ? बोस्टन येथील ८४ रुग्णांवरील चाचणी याच वर्षी, म्हणजे २००८ साली, प्रसिद्ध झाली. तीत ट्रायॅमसिनोलोन आणि डेक्सामेथासोन यांची समोरासमोर तुलना केली होती. सहा आठवड्यांनी तपासलेल्या रुग्णांत ट्रायॅमसिनोलोनच्या गटातील ३५ पैकी २२ जणांचे अडकणे थांबले होते. डेक्सामेथासोनच्या गटात ३२ पैकी १२ जणांचे. तीन महिन्यांनी मात्र हे आकडे ४१ पैकी २७ आणि ३१ पैकी २२ असे झाले, म्हणजे अंतर उरले नाही. ट्रायॅमसिनोलोनचा गुण लवकर येतो, पण तो अधिक टिकतोच असे नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आमच्या मते व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की हातावर पोट असलेल्या रुग्णास लवकर गुण हवा असेल तर ट्रायॅमसिनोलोन. अन्यथा शल्यविदाचा हात ज्या औषधास सरावला आहे ते.

दोन्हींत एक फरक मात्र उघड्या डोळ्यांना दिसतो. निलंबन त्वचेच्या लगत, उथळ जागी पडले तर तेथील मेद झिजून खळगा पडू शकतो आणि त्वचेचा रंग उडतो. सावळ्या त्वचेवर हा पांढरा डाग चटकन नजरेत भरतो आणि कित्येक महिने राहू शकतो. "हा कोड तर नव्हे ना?" म्हणून घाबरलेले दोन रुग्ण आम्ही पाहिले आहेत. हा डाग कोड नव्हे, बहुधा कालांतराने भरून येतो, असे आधीच सांगितले असते तर दोघांच्याही घरचा मनस्ताप वाचला असता.

वेदनाशामक शोथहर औषधांची इंजेक्शने हा दुसरा पर्याय. मलेशियातून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत डायक्लोफेनॅकची तीन महिन्यांनंतरची फलश्रुती स्टेरॉइडच्या जवळपास होती. पहिल्या काही आठवड्यांत मात्र स्टेरॉइड सरस ठरले. पुढे सिंगापूरमध्ये किटोरोलॅकची तुलना झाली तेव्हा सहा आठवड्यांच्या तपासणीत पारडे स्पष्टपणे ट्रायॅमसिनोलोनकडे झुकले. स्टेरॉइड टाळण्याचे सबळ कारण असेल तरच हा पर्याय विचारात घ्यावा. हायलुरॉनिक ॲसिडच्या चाचण्या लहान आहेत आणि औषध महाग. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणुयुक्त द्रव टोचण्याची, ज्यास पीआरपी म्हणतात, हल्ली शहरांतून जाहिरात दिसते. या व्याधीसाठी तिला पुरेसा आधार मिळालेला नाही. रुग्णाने दागिना गहाण ठेवून हे उपचार घेण्यासारखे काही नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

सोनोग्राफी यंत्राच्या साहाय्याने सुई घातली तर फल अधिक मिळते, असेही सिद्ध झालेले नाही. औषध नेमके आवरणाच्या आतच गेले पाहिजे हा समजही चाचण्यांत टिकला नाही; आवरणालगत पडले तरी गुण येतो. कंडरेच्या अंतर्भागात मात्र ते जाऊ नये. टोचताना विरोध जाणवला, किंवा बोट हलविताच सुई हलली, तर अनुभवी शल्यविद सुई किंचित मागे घेतो. बळाने दाबलेले औषध कंडरा दुर्बल करू शकते. कंडरा तुटण्याची उदाहरणे विरळ आहेत, पण आहेत.

गुण किती टिकतो? ब्राझीलमधील २०१२ सालच्या चाचणीत एका इंजेक्शनने ५७ टक्के आणि गरजेप्रमाणे दुसरे दिल्यावर ८६ टक्के बोटे मोकळी झाली. त्याच चाचणीत सुईने किंवा छेद घेऊन पट्टा मोकळा केलेली सर्व बोटे सुटली. हा पाठपुरावा सहा महिन्यांचा होता. अमेरिकेतून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत, पहिल्यांदाच इंजेक्शन घेतलेल्या ३६६ बोटांपैकी दहा वर्षांपर्यंत पुन्हा उपचार न लागणाऱ्यांचे प्रमाण अदमासे ४५ टक्के आढळले. निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांचे काम एका सुईत भागते, हे लहान फल नव्हे; पण "एक सुई आणि कायमची सुटका" असे वचनही कोणी देऊ नये. सहसा दोन, क्वचित तीन इंजेक्शने, तीही मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, आणि तरीही बोट अडकत असेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम रूढ आहे. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा संभव वाढतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरतच असेल तर आदल्या आठवड्यात "एक शेवटची सुई" घेऊ नये.

मधुमेही रुग्ण

आता ज्या कारणाने हा लेख लिहावयास बसलो त्याकडे वळतो. इंजेक्शनांमधील फरकापेक्षा रुग्णांमधील फरक मोठा आहे. सेंट लुईस येथील २००७ सालच्या चाचणीत मधुमेह नसलेल्या ८६ टक्के रुग्णांस स्टेरॉइडने गुण आला. मधुमेहींत स्टेरॉइडचा गुण ६३ टक्के आणि औषधविरहित इंजेक्शनचा ५३ टक्के, म्हणजे दोन्हींतील अंतर नगण्य होते. ही चाचणी लहान असली तरी मधुमेहींत, विशेषतः अनेक बोटे अडकणाऱ्या व बरीच वर्षे मधुमेह असलेल्या रुग्णांत, फल कमी मिळते हे आम्हीही पाहत आलो आहोत. आणि फल कमी असूनही किंमत अधिक मोजावी लागते, ती अशी.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या एका भगिनी, वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेहासाठी गोळ्या चालू. भाकरी थापताना उजव्या अनामिकेच्या मुळाशी कळ येई आणि सकाळी बोट अडके. आम्ही उपनाह व अग्निकर्म केले. दीड महिन्यात कळ कमी झाली, अडकणे गेले नाही. त्यांना इंजेक्शनसाठी आम्हीच चिठ्ठी देऊन पाठविले. चिठ्ठीत मधुमेहाचा उल्लेख करावयाचा राहिला, आणि त्यांना आम्ही काही समजावूनही सांगितले नाही. हातातील एक मिलिलिटर औषधाने रक्तातील साखर ती काय वाढणार, असा आमचा समज होता.

इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी त्यांना तहान लागू लागली, रात्रीत पाच-सहा वेळा लघवीस उठावे लागले. तिसऱ्या दिवशी अशक्तपणासाठी त्या गावातील औषधाच्या दुकानात गेल्या आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून एक शक्तिवर्धक अवलेह मागितला. दुकानदाराने बाटली काढून देण्याआधी विचारले, "मावशी, हाताला पट्टी कसली?" सुईची हकिकत कळताच त्याने अवलेह दिला नाही, आपल्याकडील यंत्रावर साखर तपासली, ती ३६० भरली. त्याने त्यांना रिक्षात बसवून आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांकडे पाठविले. आठवड्याच्या आत साखर पूर्वपदावर आली. बोटही सुटले. पण त्या दुकानदाराने तो एक प्रश्न विचारला नसता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून गेलेला नाही. चूक शल्यविदाची नव्हती. चिठ्ठी आमची होती.

स्थानी टोचलेले स्टेरॉइडही रक्तात जाते. मधुमेहींत साखर बहुधा पहिल्या दिवसातच चढू लागते आणि वाढ सुमारे पाच दिवस राहू शकते. ज्यांची साखर आधीच अनियंत्रित आहे, जे इन्सुलिन घेतात, त्यांत ती अधिक चढते. म्हणून आता आम्ही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, पाहिल्याशिवाय मधुमेही रुग्णास इंजेक्शनसाठी पाठवीत नाही. साखर आटोक्यात नसेल तर प्रथम ती आटोक्यात आणावयाची. बोट तोवर थांबू शकते. पाठविताना पुढील पाच-सहा दिवस घरी किंवा जवळच्या दुकानात साखर रोज तपासण्यास सांगतो. या काळात आसवारिष्टे, अवलेह आणि गूळ घातलेले तयार काढे बंद ठेवतो. महारास्नादी काढा द्यावयाचाच तर भरडीचा, घरी उकळून.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. बोट अडकते म्हणून आलेल्या, मधुमेहाचे निदान न झालेल्या रुग्णाची साखर अवश्य तपासावी. दोन्ही हातांची, दोनतीन बोटे अडकत असतील तर नक्कीच. आमच्याकडे बोटाच्या तक्रारीतून प्रमेह उघडकीस आलेले रुग्ण एकाहून अधिक आहेत. गलग्रंथीचे विकार, आमवात आणि मनगटाची नस दबणे यांचाही या व्याधीशी संबंध आहे.

कोणास थांबवावे, कोणास थांबवू नये

बोट अडकते पण स्वतःच्या बळाने सुटते, त्रास तीन-चार महिन्यांच्या आतील आहे, अशा रुग्णात सहा आठवडे आपली चिकित्सा निःशंकपणे करावी. कामातील पकड बदलणे यास आम्ही निदानपरिवर्जन म्हणून पहिले स्थान देतो. खुरप्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. अंगठा आत दुमडून धार काढणाऱ्यास हात बदलावयास सांगावे. रात्री बोटाचे मूळ सरळ राहील अशी लहान पट्टी बांधावी. सुश्रुतांचे बंधन येथे अक्षरशः उपयोगी पडते. अग्निकर्म करावयाचे असेल तर तळहाताच्या संवेदना आधी तपासाव्यात. मधुमेहात हात बधिर असलेल्या रुग्णास चटका कळत नाही, आणि दग्धव्रण भरावयास वेळ लागतो. अग्निकर्माचा व्रण पूर्ण भरल्याखेरीज त्या जागी इंजेक्शन देता येत नाही, हेही लक्षात ठेवून क्रम ठरवावा.

दुसऱ्या हाताने सोडविल्याखेरीज बोट सुटत नसेल तर सहा आठवड्यांची वाट पाहू नये. आणि बोट वाकलेल्या स्थितीतच राहून मधला सांधा आखडू लागला असेल तर आपली चिकित्सा नव्हे, इंजेक्शनही पुष्कळदा पुरत नाही. शल्यविदाचे मत तातडीने घ्यावे. उपनाहावर उपनाह करीत चार-चार महिने रुग्ण अडवून ठेवलेली बोटे आम्ही पाहिली आहेत. पट्टा मोकळा झाल्यावरही ती बोटे पूर्ण सरळ झाली नाहीत.

बोट एकाएकी सुजून लाल झाले, ताप आला, किंचित ताणताच असह्य वेदना झाली, तर तो जंतुसंसर्ग समजावा. तेथे ना लेप, ना स्टेरॉइड. त्याच दिवशी रुग्णालय. लहान मुलांचा अडकलेला अंगठा ही निराळी व्याधी आहे. तीत इंजेक्शन देत नाहीत. पुष्कळ अंगठे काळाने आपोआप सुटतात, उरलेल्यांस शस्त्रक्रिया लागते.

औषधविक्रेत्यांसाठी

ट्रायॅमसिनोलोन आपल्याकडे दर मिलिलिटरला १० आणि ४० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते, आणि बाटल्या लहान असल्यामुळे गल्लत सहज होते. बोटासाठी साधारणतः १० ते २० मिलिग्रॅमच लागते. चिठ्ठीवर तीव्रता लिहिलेली नसेल तर फोन करून विचारावी. ही सर्व औषधे लेखी चिठ्ठीवरच द्यावीत. रुग्ण बाटली घेऊन "गावातल्या कोणाकडून टोचून घेतो" म्हणाला तर देऊ नये; निलंबन शिरेत गेल्यास अनर्थ होऊ शकतो.

काही ग्राहक "आयुर्वेदिक सुई" मागतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या व्याख्येनुसार टोचून देण्याचे औषध आयुर्वेदीय पेटंट अथवा प्रोप्रायटरी औषधात मोडत नाही. अशी कोणतीही कुपी आली तर ती ठेवू नये. तसेच एखाद्या निनावी पुडीने दोन दिवसांत बोट मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला असे ग्राहक कौतुकाने सांगू लागला, तर त्या पुडीत स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घेऊन त्यास वैद्याकडे पाठवावे. पुडी एकाएकी बंद करू नये, असेही बजावावे. दीर्घकाळ पोटात गेलेले स्टेरॉइड अचानक थांबविणे धोक्याचे असते.

आमच्या चिठ्ठीचा नमुना आता बदलला आहे. बोट कोणते, किती महिन्यांपासून, स्वतः सुटते की सोडवावे लागते, मधला सांधा आखडला आहे का, पूर्वी किती इंजेक्शने झाली व शेवटचे केव्हा, अग्निकर्म केले असल्यास त्याची तारीख, आणि अखेरीस लाल शाईने : मधुमेह आहे अथवा नाही, व असल्यास एचबीएवनसीचा आकडा. याची एक प्रत रुग्ण ज्या दुकानातून औषधे नेतो तेथेही देतो.